आबांच्या बंदुकीत काय भरायचं

“आबा, तुमी ह्या बंदुकीनं आजपर्यंत काय काय मारलंय?”

विचारलं बाई एकदाचं! केशर आणि गोदीनं माझ्याशी पैजच लावली होती. शाळेमागच्या चिंचेखाली बसून दोघी म्हणाल्या, “विचारून दाखीव तुझ्या आबाला. विचारलंस तर संक्रांतीचे आमच्या वाटणीचे तिळाचे लाडू तुझे. न्हाई विचारलंस तर परीक्षेपर्यंत आमची दप्तरं तू उचलायची.” मी लगेच हो म्हणाले. यंदा मी सगळ्यालाच हो म्हणते. गंगाखेडला तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेत माझा पहिला नंबर आला तेव्हापासून माझा आवाज माझ्या आधीच तोंडातून बाहेर पडतो. त्याच्या आधी मी वर्गात हजेरीसुद्धा हळूच द्यायची.

शिवाय मलाही ते जाणून घ्यायचं होतं. गावात आबांच्या बंदुकीला ‘सूर्यभानचा आपटबार’ म्हणतात. म्हणजे आवाज मोठा, बाकी काही नाही.

आबा ओसरीवर बसून बंदुकीच्या दस्त्याला तेल चोळत होते. मला वाटलं, आता डोळे मोठे करतील. पण ते चोळतच राहिले आणि म्हणाले, “ज्वारी.”

“ज्वारी मारली?”

“ज्वारी वाचीवली. मारलेलं कामून इचारतीस, वाचीवलेलं इचार की.”

“तसं न्हाई आबा, पैज मारलेल्याचीच हाय.”

“आस्सं! पैज हाय व्हय?” आबा हसले. “मग सांग तुझ्या मैतरणींला. काईच न्हाई मारलं. एक पाखरू मेलं आसंल, ते बी भिऊन.”

लाडू तर जिंकले, पण उत्तर घेऊन शाळेत कसं जायचं? पहिल्या नंबरवाल्या प्रमोदिनीचे वडील, हातात बंदूक आणि मारलं काय, तर काहीच नाही! (प्रमोदिनी हे नाव गुरुजींनी शाळेत घालताना ठेवलं. घरात ते कुणाला नीट म्हणता येत नाही, म्हणून मी पमी.)

आमच्या शिवारात परवान्याची बंदूक एकच, ती आमची. निझामाच्या काळात आजोबांना पिकाच्या राखणीसाठी मिळाली, मग परवाना आबांच्या नावावर झाला. आमची जमीन थोडीच, पण आजूबाजूच्या सगळ्यांच्या ज्वारीवर आबांचंच लक्ष असतं. त्या बदल्यात खळ्यावर प्रत्येक जण सूपभर दाणे आमच्या पोत्यात टाकतो. ते दाणे टाकताना “सूर्यभान, तुझ्या बाराचे बरं का” असं म्हणायची पद्धत आहे. विद्यापीठाच्या नामांतरावरून गडबड झाली त्या साली सगळ्या परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा करून घेतल्या होत्या. मी तेव्हा पहिलीत होते. आबा तो सगळा हंगाम रिकामा डबा बडवत फिरले, आणि बंदूक परत आली त्या दिवशी मायनं तिला ओवाळलं, हे मला पक्कं आठवतं.

ही बंदूक ठासणीची. नळीच्या तोंडातून आधी बंदुकीची दारू ओतायची, मग गजानं ठासायची, त्यावर बोळा, त्यावर छर्रे नाहीतर गोळी, त्यावर पुन्हा बोळा. मग मागं ठिणगी पाडणारी टोपी चढवायची. अडचण अशी की एकदा भरली की भरली. आत काय आहे ते बदलता येत नाही. बार काढला तरच रिकामी होते. म्हणजे सकाळी छर्रे भरून बसलात आणि आलं रानडुक्कर, तर छर्ऱ्यांनी ते नुसतं चिडणार. गोळी भरून बसलात आणि आल्या भोरड्या, तर हजार पाखरांत एक गोळी कुठं कुठं जाईल?

“म्हंजे कोन येणार ते आधी ठाऊक पायजे,” मी म्हणाले.

“तीच तर गंमत हाय. येणारा सांगून येत न्हाई.” आबा उठले. “चल, आज भरायचं तू बघ. पैज लावायली पोरगी, तिला भरता तरी आलं पायजे.”

मला काय आनंद झाला! आजवर त्या फडताळाला हात लावायची परवानगी नव्हती. आबांनी फडताळातून डबा काढला, शिंगाचं छोटं माप त्यात बुडवलं, काठोकाठ भरून वर आणलं, आणि नळीच्या तोंडाशी नेलं.

मापात काळे, चकचकीत, लांबुडके दाणे होते.

“आबा,” मी म्हणाले, “हे कारळं हायती.”

आबा थांबले. माप नाकाशी नेलं. मग दोन बोटांत दाणे चोळून बघितले.

“चटणीचे?”

“चटणीचे.”

“म्हंजे आज डुकराला भाकर द्यायची ऱ्हायली नुसती.” आबा मोठ्यानं हसले, मीही हसले. हसता हसता माझ्या लक्षात आलं की आबा माझ्याकडं बघून हसत नाहीत, माझ्या शेजारच्या खांबाकडं बघून हसतायत.

माझं हसू तिथंच राहिलं. मी विचारलं, “आबा, मी आज कोणते कपडे घातलेत?”

“शाळेचे. निळे.”

रविवार होता. माझ्या अंगात मामानं दिवाळीला दिलेला पिवळाधमक फ्रॉक होता, जो माय म्हणते की गंगाखेडहून दिसतो.

मी काही बोलले नाही. पण माझं न बोलणं इतकं नवीन होतं की आबांना तेवढ्यातच कळलं. ते खाली बसले. “उन्हाळ्यापासून असंच हाय. सगळ्यावर धुकं पडल्यावानी दिसायलंय. उजेडात जरा जास्तीच.” मग हळू आवाजात, “तुझ्या मायला सांगू नको. आन् गावात तर अजिबात न्हाई. आंधळ्याच्या हातात बंदूक कोन ठिवील, बाई? आन् बंदूक गेली की माझ्याकडं काय ऱ्हायलं? सूर्यभान आपटबार म्हनत्यात, ते बी म्हणायचं बंद व्हईल.”

 मी आता ती जुनी पमी नाही ना, जी कोपऱ्यात जाऊन रडायची. मी कारळ्यांचं माप डब्यात ओतलं, दारूचा खरा डबा काढला आणि म्हणाले, “आजपासून भरायचं मी. बार तुमी काढायचा. परवान्यावर नाव तुमचं, डोळे माझे. चालंल का?”

आबांनी हात पुढं करून माझं डोकं शोधलं. वेणी सापडली. ती त्यांनी हळूच ओढली. “चालंल की. पर एक हाय. ठासताना बोलायचं न्हाई. तुला जमंल का तेवढं?”

जमलं! सगळ्यांना सांगून टाकते, जमलं. आबांनी मला गजाचा आवाज शिकवला. रिकाम्या नळीत गज सोडला की खण्ण वाजतो, भरलेल्या नळीत थप्प. “डोळ्यांचं काम न्हाईच हे,” ते म्हणाले, “म्हनून तर मी इतके दिवस निभावलं.”

आणि मग मी ठरवलं, असा एकच बार शोधून काढायचा जो पाखरांना, हरणांना, डुकरांना, सगळ्यांनाच चालेल. आबांना पुन्हा कोण येतंय ते ओळखत बसायला नको. माय हळदीकुंकवाच्या तयारीसाठी शेजारी जायची तेव्हा आम्ही दोघं माळाच्या पडीक तुकड्यावर जायचो. बाभळीला मी मोडकं सूप टांगलं होतं. मी भरायची, आबांच्या कोपराला धरून नळी सुपाकडं वळवायची आणि बाजूला होऊन कानात बोटं घालायची.

छर्ऱ्यांनी सुपाची चाळणी झाली. मला लय आवडलं. आबांनी सुपावर बोटं फिरवून भोकं चाचपली आणि मान हलवली. “पाखराला ठीक हाय. पर हरणाच्या अंगात हे ऱ्हात्यात. ते पळून जातं, आन् कुठंतरी लांब जाऊन सडून मरतं. कुनाला दिसत बी न्हाई.”

मग मी खडेमीठ भरलं. मीठ नळीबाहेर पडून आमच्याच पायाशी सांडलं. मग म्हटलं, ज्वारीचे दाणे भरू, तर आबा म्हणाले, “ज्वारी राखायला ज्वारीच उडवायची? मग डुकरानं खाल्ली तर काय वाईट?” तेही बरोबर होतं. मग माझ्या डोक्यात मिरची आली. वाटलं, इतकी हुशार कल्पना तालुक्यात कुणाला सुचली नसेल. मायच्या बरणीतली तिखटाची पूड मी पुडीत बांधून आणली, ठासली, आबांनी बार काढला, आणि वारा फिरला. मग काय विचारता! आम्ही दोघं बांधावर ओणवे होऊन शिंकतोय, खोकतोय, आबांच्या डोळ्यांतून पाणी, माझ्या नाकातून पाणी, आणि आबा त्यातच म्हणतायत, “लागला! बराबर लागला! आपल्यालाच लागला!”

त्या दिवशी आम्ही घरी गेलो तर माय दोघांकडं बघून म्हणाली, “कुनाच्या मयताला जाऊन आलाव?” मग संध्याकाळी बरणी बघून तिला कळलं, आणि तिनं आम्हाला दोघांना रात्री बिनतिखटाचं वरण वाढलं.  

शेवटी एक दिवस छर्रे संपले होते, मीठ नको होतं, मिरचीचं नाव काढायची सोय नव्हती. म्हणून मी नुसती दारू आणि वर नारळाच्या काथ्याचा घट्ट बोळा ठासला. बाकी काहीच नाही.

आणि काय तो आवाज! डोंगराला जाऊन धडकला आणि परत आला. पार पलीकडं आमच्या शेजाऱ्याच्या, दिनकररावांच्या ज्वारीतून राघूंचा थवाच्या थवा उठला. आमच्याच गावातली कुत्री भुंकायला लागली. सूप मात्र नुसतं गोल गोल फिरत राहिलं, त्याला नवीन भोक एकही नाही.

आबा कितीतरी वेळ कान देऊन उभे होते. “ह्याला म्हनत्यात बार,” ते म्हणाले. “आवाज सगळ्यांला, जखम कुनालाच न्हाई.”

मी मनातल्या मनात त्याला शंभरपैकी अठ्ठ्याण्णव गुण दिले. दोन का कापले? कारण त्यानं काही मरणार नव्हतं, आणि मला अजून शाळेत उत्तर द्यायचं होतं.

ते दोन गुण घेऊन दिनकरराव आले. आमच्या शेजारची मोठी शेती त्यांची. ओसरीवर बसले, चहा घेतला, आणि रुमालाची गाठ सोडून एक शिशाची गोळी आबांच्या हातावर ठेवली. बोरासारखी गोल आणि भलतीच जड.

“सूर्यभान, ही घाल आता,” ते म्हणाले. “परवा माझी राखणीची कुत्री फाडली डुकरानं. मधल्या पट्ट्यातली ज्वारी लोळवली सगळी. तुझे बार ऐकून ऐकून डुकरांला सवय झाली, झोपत बी आसतील त्याच्यावर.”

“कुत्री गेली?” आबांनी विचारलं.

“गेली. पोरं दोन दिस जेवली न्हाईत.” ते खरंच वाईट वाटून बोलत होते. मग त्यांचा आवाज बदलला. “आन् ते हाका मारायचं खूळ बंद कर. बार काढायच्या आधी ‘होऽऽ कोन हाय’ म्हणून वरडतोस. डुकराला आवतन धाडायलास का? हाक ऐकली की ते निघून जातं, आन् तू मोकळ्या रानात बार काढतोस.”

म्हणजे असं होतं तर! आबा बाराच्या आधी हाक देतात हे मला माहीत होतं. पण त्याचमुळं आजवर काही मेलं नाही, हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं.

“बाच्या वेळपासून हाय ती हाक,” आबा म्हणाले.

“बाच्या वेळी डुकरं शहाणी नव्हती. हे बघ, तुझ्यानं होत आसंल तर उद्या पहाटं मधल्या पट्ट्याला बस, गोळी घाल, हाक देऊ नको. होत नसंल तर तसं सांग. मी करतो अर्ज तहसिलात, राखणीचा जिम्मा मी घेतो. लोकांचं पीक हाय, खेळ न्हाई.”

आबांनी गोळी मुठीत धरली. “बसतो,” एवढंच म्हणाले.

खरं सांगते, मला त्या क्षणी दिनकररावांचा राग आला नाही. मला आनंद झाला! आबांची बंदूक काहीतरी मारणार, आणि गोळी ठासणार मी! संध्याकाळी मीच ती ठासली. नंतर गज सोडून बघितला, थप्प वाजला. त्या आधी शाळेत मी चिंचेखाली उभी राहून, हात वर करून, वक्तृत्व स्पर्धेसारखं जाहीर केलं होतं, “उद्या पहाटे, दिनकररावांच्या मधल्या पट्ट्यात, डुक्कर पडणार म्हणजे पडणार!”

“बघूच की,” केशर म्हणाली.

“बघूच,” गोदी म्हणाली.

पहाटे आम्ही निघालो तेव्हा शिवार दिसतच नव्हतं. नुसतं पांढरं धुकं. आबा बांधावर बसले, गुडघ्यावर बंदूक आडवी. मी त्यांच्या घोंगडीत अर्धी शिरून बसले. हुरड्याचा गोड वास येत होता.

“आज लय झ्याक हाय,” आबा कुजबुजले. “आज तुला आन् मला सारखंच दिसायलंय.”

मी फिसकन हसले. त्यांनी माझ्या गुडघ्यावर हलकी चापट मारली.

जरा उजाडलं. आणि पट्ट्याच्या मधोमध ज्वारीची ताटं हलली. वारा नव्हता. आधी थोडी हलली, मग जास्त. मग कडकन एक ताट मोडल्याचा आवाज.

“काय हाय?” आबांचा आवाज श्वासासारखा आला.

मी डोळे ताणले. ताटांच्या बुडाशी काहीतरी काळं होतं. बुटकं, रुंद, हळूहळू पुढं सरकणारं. “काळं हाय आबा. बुटकं हाय. डुक्करच हाय.”

“नक्की?”

“नक्की!” माझा आवाज नेहमीसारखा माझ्या आधीच निघाला.

आबांनी बंदूक उचलली. मी त्यांचं कोपर धरलं, जरा डावीकडं वळवलं, जरा खाली. आता नळी नेमकी त्या काळ्यावर होती. घोडा चढल्याचा आवाज आला. त्यांचं बोट चापावर गेलेलं मी बघितलं. दिनकररावांनी सांगितलं होतं, हाक नको. आबा ‘बसतो’ म्हणाले होते. मी श्वास धरला.

“होऽऽऽ! कोन हाय रं ज्वारीत?”

हाक अशी गेली की मीच दचकले. आबांनी ती दिली असं वाटलंच नाही. तोंड उघडलं आणि वर्षानुवर्षांची हाक आपली आपण बाहेर पडली.

काळं थांबलं. मग उभं राहिलं. त्याला दोन डोकी होती.

“काका, आमी हाव! गोदी आन् केशर!”

एका काळ्या घोंगडीखाली दोघी. डुक्कर पडताना बघायला पहाटेच येऊन ज्वारीत दबा धरून बसल्या होत्या, आणि बसल्या बसल्या ओणव्या सरकत हुरडा खात होत्या. गोदीच्या तोंडात अजून दाणे होते. ती हसत होती.

मी हसले नाही.  आबांचं कोपर अजून माझ्या हातात होतं. मी म्हणाले होते, नक्की. मी नळी वळवली होती, जरा डावीकडं, जरा खाली. गोदीच्या बरोब्बर पोटावर.

“या पोरींनो, इकडं या,” आबा शांतपणे म्हणाले. “माझ्या मागं येऊन बसा. माझ्या म्होरून येऊ नका, बांधावरून या.”

दोघी आल्या. बंदूक बघून गोदीचं हसू गेलं. आबांनी घोडा हळूच उतरवला. पण गोळी आतच होती. ठासणीच्या बंदुकीतली गोळी परत मागता येत नाही.

“पमे,” आबा म्हणाले, “हिरीच्या मातीचा ढिगारा कुठं हाय, दाखीव मला.”

केशरनं माझ्याकडं बघितलं. गोदीनं बघितलं. विहिरीचा ढिगारा समोरच होता, बैलगाडीएवढा, धुक्यातूनही दिसत होता. त्यांना कळलं. मी काही बोलायच्या आत कळलं. मी आबांचं कोपर धरलं, नळी ढिगाऱ्याकडं वळवली, पुन्हा पुन्हा बघितली, ढिगाऱ्याच्या मागं जाऊनसुद्धा बघून आले.

आबांनी पुन्हा हाक दिली, “होऽऽ! कोन हाय?” मातीच्या ढिगाऱ्याला! आणि कुणी हसलं नाही. मग बार निघाला. ढिगाऱ्यातून मातीचं ढेकूळ उडालं, तिथं माझी मूठ जाईल एवढा खड्डा पडला.

गोदी त्या खड्ड्याकडं बघत राहिली. मग तिनं आबांच्या शेजारी बसून ओच्यातला हुरडा त्यांच्या ओंजळीत ओतला. “खा काका,” ती म्हणाली. “गरम न्हाई, पर गोड हाय.”

बार ऐकून दिनकरराव धापा टाकत आले. “पडलं का?”

“न्हाई,” आबा म्हणाले.

“हाक दिलीस.”

“दिली.”

दिनकररावांनी मुलींकडं बघितलंसुद्धा नाही. “मी सांगितलं व्हतं, सूर्यभान. आता माझ्यावर बोल ठिवू नको. सोमवारी मी तहसिलात चाललोय.” आणि ते निघून गेले. आबा एक शब्द बोलले नाहीत. ‘ज्वारीत पोरी होत्या’ एवढं म्हणाले असते तरी झालं असतं. पण मग गोदीला आणि केशरला घरी मार बसला असता, म्हणून ते बोलले नाहीत. हे मला वाटेत कळलं.

घरी येताना मी त्यांचा हात धरला होता. गाव जवळ आल्यावर ते म्हणाले, “सोड आता, लोक बघतील.” मी नाही सोडला.

माय चुलीपुढं भाकरी थापत होती. आबांनी बंदूक फडताळाला टेकवून ठेवली, तिच्यासमोर बसले आणि म्हणाले, “पार्वती, दिनकररावांला देऊन टाकतो बंदूक. मला दिसत न्हाई नीट. तुला सांगितलं न्हाई मी.”

मायनं तव्यावर भाकरी टाकली, तिच्यावरून पाण्याचा हात फिरवला.

“मला काय ठाऊक न्हाई?” ती म्हणाली. “वाढलेल्या ताटात मीठ कुठं हाय ते चाचपून बघता. दारूच्या डब्याला सुतळी मीच बांधली व्हती, हाताला कळावं म्हणून. भादव्यात बांधली.”

“सुतळी?” आबा म्हणाले. “आता तर डब्याला सुतळी न्हाई.”

दोघांनी एकदम माझ्याकडं तोंड केलं. मी माझ्या दप्तराकडं बघितलं. पट्टा तुटला म्हणून मी त्याला मागच्या महिन्यात एक सुतळी बांधली होती. फडताळाजवळ खाली पडलेली, सहज सापडलेली.

“कारळं!” मी ओरडले.

आबांना आधी हसू आलं. मग मायला, तिला तर काय झालं होतं तेही माहीत नव्हतं, तरी आलं. आबांनी तिला सगळं सांगितलं, कारळं, मीठ, मिरची, आणि शेवटी गोदी. गोदीचं ऐकताना तिचा हात भाकरीवर थांबला. भाकरी एका बाजूनं करपली. आमच्या घरात मायच्या हातून भाकरी करपलेली मी पहिल्यांदा बघितली.

“हाक दिलीत ना पर,” ती शेवटी म्हणाली.

“आपली आपण गेली.”

“मग झालं तर.” तिनं करपलेली भाकरी स्वतःच्या ताटात घेतली.

मी दप्तराची सुतळी सोडली. फडताळाशी गेले आणि दारूच्या डब्याला ती दोन वेढे देऊन घट्ट बांधली. बंदूक हातात घेतली, गज नळीत सोडला. खण्ण. रिकामी. मला तो आवाज आजवर इतका छान कधी वाटला नव्हता.

मी किती मूर्खासारखी शोधत होते! पाखराला काय चालेल, हरणाला काय चालेल, डुकराला काय चालेल. सगळ्यांना चालणारा बार म्हणजे समोर धुक्यातून कुणीही उभं राहिलं तरी ज्याचा पस्तावा होणार नाही तो बार. तो मी शोधलाही होता, आणि त्याचे दोन गुण कापले होते. ते मी त्याला परत दिले. शंभरपैकी शंभर.

मग मी मधल्या खोलीच्या उंबऱ्यावर उभी राहिले, गंगाखेडला उभी राहिले होते तशी, दोन्ही हात मागं बांधून.

“आबा, माय, ऐका. माझं ठरलंय. बंदूक कुठं जाणार न्हाई. आजपासून तिच्यात शिसं जाणार न्हाई, छर्रा जाणार न्हाई, नुसती दारू आन् काथ्याचा बोळा, पाखराला तेच आन् डुकराला तेच. भरणार मी, बघणार मी, आन् मला नक्की वाटलं तरी हाक तुमीच द्यायची आबा, माझ्या नक्कीवर जायचं न्हाई. रोज नव्या जागेवरून बार काढू, म्हंजे डुकरांला सवय लागणार न्हाई. दिनकरकाकाला हे सगळं मी आजच जाऊन सांगणार हाय, ज्वारीत कोन व्हतं ते सोडून. आन् संक्रांत झाली की मी तुमाला परभणीला डोळ्याच्या दवाखान्यात घेऊन जाणार. शाळा बुडंल, बुडू द्या. पुढच्या संक्रांतीला मी हाच पिवळा फ्रॉक घालून तुमच्या म्होरं उभी ऱ्हाणार, आन् तुमी मला त्याचा रंग सांगायचा.”